जोडीदाराचा निकाल

सासुरवाडीत त्याला रेडिओ म्हणत. लग्नाच्या बैठकीत त्याने मुलीकडच्या मंडळींना तोंड उघडू दिलं नव्हतं, तेव्हा पडलेलं हे नाव. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. गाद्यांच्या दुकानात तो विक्रेता होता. पाठदुखीचं गिऱ्हाईक आलं की त्याला एका गादीवर आडवं करायचा, स्वतः शेजारच्या गादीवर आडवा व्हायचा आणि छताकडे बघत असं काही बोलायचा की माणूस उठायचा तो पाकीट काढूनच. बोलणाऱ्याची बोरंही खपतात म्हणतात. याने तर फळकुटासारख्या गाद्या खपवल्या होत्या.

बायको अगदी उलट. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची आणि ती त्यावरून दात घडवायची. आधी मेणाचा, मग पोर्सिलीनचा, मग भट्टी, आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळेपर्यंत बारीक ब्रशाचं काम. त्यात बोलायला जागाच नसते. परदेशातल्या एका लॅबने तिला नोकरी देऊ केली, तेव्हा ही एवढी मोठी बातमीसुद्धा तिने जेवणं झाल्यावर, ताटं उचलता उचलता सांगितली.

मग कुशल कामगारांच्या व्हिसाची धावपळ सुरू झाली. तिच्या पहिल्या लॅबचे मालक धंदा बंद करून लेकीकडे राहायला गेले होते. ती त्यांना शोधत तिथवर गेली आणि अनुभवाचं पत्र घेऊन आली. तिकडच्या भाषेची परीक्षाही पहिल्या फटक्यात पास झाली. त्याआधी कितीतरी दिवस ती भांडी घासताना ती भाषा पुटपुटायची आणि रेडिओ पाहुण्यांसमोर तिच्या उच्चारांची नक्कल करून दाखवायचा. पाहुणे पोट धरून हसायचे. तीही हसायची. त्या हसण्याकडे त्याने कधी नीट पाहिलं नाही.

या व्हिसात गुण मोजतात. वयाचे, शिक्षणाचे, अनुभवाचे, भाषेचे. आणि जोडीदार बरोबर येणार असेल तर त्याच्या भाषेचेही. एवढं कळल्यावर रेडिओने छाती फुगवून सांगितलं, "ते माझ्यावर सोड. बोलायचंच तर आहे."

परीक्षेच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी केंद्रावर पोचला. दारातच पाटी होती: इथे फक्त तिकडच्या भाषेत बोलावे. आत बाकावर बसलेली पोरं एकमेकांशी त्या भाषेत खिदळत होती. त्याला ते विनोद कळले नाहीत. आपल्यालाही आता आत एका अनोळखी माणसासमोर बसून बोलायचंय, आणि त्या भाषेत आपल्याला एकसुद्धा विनोद करता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. विनोदाशिवाय आपण कोण? इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं बंद करणाऱ्याची पाचावर धारण बसली. काहीतरी विसरलं असल्यासारखे खिसे चाचपत तो बाहेर पडला आणि समोरच्या केशकर्तनालयात जाऊन बसला. केस आठवड्यापूर्वीच कापले होते. न्हाव्याने विचारलं, काय करायचं? हा म्हणाला, काहीही कर.

घरी येऊन म्हणाला, "एकदम सोप्पा होता पेपर."

बायकोने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. निकालाचं काय, असं तिने पुढे विचारलं, तेव्हा त्याने थाप मारली की निकाल केंद्रवाले थेट व्हिसाच्या ऑफिसला पाठवतात, आपण काही जोडायचं नसतं. तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर? अर्ज गेला. रेडिओला वाटत होतं, एवढ्या ढीगभर कागदांत एक कागद कोण बघतो.

बघतात. ऑफिसचं पत्र आलं: अर्जात त्रुटी आहे, जोडीदाराचा निकाल मिळालेला नाही, दिलेल्या मुदतीत सादर करावा.

दोघं व्हिसाच्या सल्लागार बाईंकडे गेले. बाई स्पष्ट होत्या. बाकी फाइल सोन्यासारखी आहे म्हणाल्या. अडलंय ते एवढ्या एका कागदावर. तो मुदतीत आला नाही तर गुण कमी पडणार, अर्ज फेटाळला जाणार, आणि तिकडची लॅब काही जन्मभर थांबणार नाही. मग चष्मा डोक्यावर चढवत बायकोला हसून म्हणाल्या, "गंमत बघा, तुम्ही एकट्या असतात ना, तर हा प्रश्नच आला नसता. एकट्या माणसाला ते गुण आपोआप मिळतात."

"म्हणजे आम्हीच नडलो म्हणायचं," असं म्हणून रेडिओ हसला. बाईही हसल्या. त्याच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या. आपण थट्टेत बोललो ते अक्षरशः खरं होतं, आणि ते त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक होतं. तेव्हा तरी सांगायचं. पण जिभेला सवय वेगळीच. तो म्हणाला की परीक्षा केंद्रवाल्यांनी घोळ घातलेला दिसतोय, मी उद्या जाऊन त्यांची चांगली खरडपट्टी काढतो.

दुसऱ्या दिवशी तो गेलाच नाही. घरी येऊन सांगितलं, संबंधित माणूस रजेवर आहे. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणे त्यांचा कॉम्प्युटर बंद होता. बायको ऐकून घेत होती आणि दिवसेंदिवस तिचा चेहरा उतरत होता. लॅबमध्ये तिच्या हातून एक दात तडकला, असं कधी होत नसे. शेवटी एका दुपारी ती अर्धी रजा टाकून थेट गाद्यांच्या दुकानात येऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "मी येते बरोबर. असे कसे देत नाहीत निकाल?"

त्याने गिऱ्हाइकाचं निमित्त सांगून बघितलं, पोटात दुखतंय म्हणून बघितलं. वाटेत तर दोनदा त्याच्या ओठांवर खरं आलं होतं. पण ती इतक्या ताडताड चालत होती, त्याच्यासाठी भांडायला निघाली होती, की त्याला सांगवेना. भित्रा माणूस नेहमी आणखी थोडा वेळ मागतो. याने कोपऱ्यापर्यंतचा मागितला, मग दारापर्यंतचा, आणि दार आलं.

खिडकीपाशी जाताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही गप्प राहा. मी बोलते."

आणि ती बोलली. तिकडच्या भाषेत, ज्या उच्चारांवर पाहुणे हसले होते त्याच उच्चारांत. अडखळली, पण थांबली नाही. माझ्या नवऱ्याने परीक्षा दिली आहे, तुमच्या चुकीमुळे आमचा अर्ज अडला आहे, तुम्ही यांना दोनदा परत पाठवलंत, आम्हीही कामंधंदे सोडून येतो. शेवटी तिचा आवाज चढला. नवऱ्याशीसुद्धा कधी चढला नव्हता तो. बाकावरची माणसं मान वळवून बघू लागली. रेडिओ तिच्या मागे उभा होता आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. एका वाक्याने तो तिला थांबवू शकला असता. आयुष्यभर लोकांचं बोलणं मधेच तोडणाऱ्या माणसाला त्या दिवशी तेवढं एक वाक्य तोडता आलं नाही.

लिपिक शांत होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं, पडद्याकडे पाहिलं, मग पडदाच तिच्याकडे वळवला. रेडिओच्या नावापुढे एकच शब्द होता. गैरहजर.

तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर खिडकीच्या कडेवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांवर गेली. तिची मान हळूहळू लाल होत गेली. बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

मग ती लिपिकाला म्हणाली, "माफ करा. त्या दिवशी घरी आजारपण होतं. माझ्याच लक्षातून गेलं. चूक माझी आहे."

ती खोटं बोलत नसे. भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले तर अर्ध्या वाटेतून परत जाणारी ती बाई, आत्ता चारचौघांत, परक्या भाषेत, नवऱ्याचं पाप सरळ आपल्या पदरात घेत होती. शिवी दिली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

लिपिकाला त्यांच्या घरच्या आजारपणाशी काही देणंघेणं नव्हतं. पुन्हा बसता येईल म्हणाला. मुदतीच्या आत एक तारीख आहे, निकालही जेमतेम वेळेत लागेल. तिने पर्स उघडून फी भरली. मग लिपिक रेडिओकडे वळला. वेळ उमेदवारानेच सांगायची असते.

"सकाळची देऊ, की दुपारची?"

बायको बाजूला झाली. आता त्या खिडकीसमोर रेडिओ एकटाच होता. दोन शब्दांपैकी एक उचलायचा, एवढंच काम होतं, आणि ते दोन्ही शब्द त्याला येत होते. पण आजारपणाचं ते वाक्य तिच्या नावावर तसंच राहणार होतं.

"आजारपण नव्हतं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. तिकडच्या भाषेत शब्द एकेक करून, चाचपत बाहेर येत होते. "मी आलो होतो. दारापर्यंत. मला भीती वाटली. ही खोटं नाही बोलत. मी बोललो."

लिपिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने परत विचारलं, "सकाळची, की दुपारची?"

रेडिओ मान खाली घालून उभा होता. तिने पर्सची चेन ओढून बंद केली. वाटलं, ही आता निघून जाईल. गेली असती तर कोण तिला नावं ठेवणार होतं?

"सकाळची द्या," ती म्हणाली. "मी स्वतः यांना घेऊन येईन. आणि हे आत जाईपर्यंत त्या दारात उभी राहीन."