सरकणारा लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचं ठरलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येकाला लॅपटॉपमधलं कळायला लागलं. अपवाद फक्त ज्यांच्यासाठी तो घ्यायचा होता त्यांचा, म्हणजे माझ्या बाबांचा.

बाबांनी उभी हयात टायपिंगचा क्लास चालवला. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून टाइपरायटर आणि मधून हात मागे बांधून फिरणारे बाबा. पोरांनी बोटांकडे बघू नये म्हणून कळांवर फडकं टाकलेलं. ओळ संपत आली की मशीनची घंटा टिंग वाजायची, मग डाव्या हाताने वरचा दांडा ढकलायचा आणि मशीनचा वरचा भाग खर्रकन उजवीकडे सरकायचा. सगळ्या वर्गाच्या ओळी एकदम संपल्या की शेजारचे लोक तक्रार करायला यायचे. पुढे क्लास ओस पडला, मग बंद झाला, मशीनं भंगारात गेली आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून ते फारसे उठलेच नाहीत. बोलणंही आटलं. बोटं तेवढी थांबली नाहीत. खुर्चीच्या हातावर, जेवणाच्या टेबलावर, आईच्या खांद्यावर, जागा मिळेल तिथे त्यांचं टायपिंग चालूच.

गंमत म्हणजे आईला ते वाचता येतं. लग्नाआधी ती त्यांच्याच क्लासात शिकत होती. कोणतं बोट उठलं आणि कुठवर गेलं यावरून तिला अक्षर कळतं. बाबा टेबलावर बोटं आपटत असतात आणि आई एकदम म्हणते, "मीठ बरोबर आहे, तुमच्याच जिभेला चव राहिली नाही." बाबांनी तोंडातून अवाक्षर काढलेलं नसतं. मला टायपिंग येत नाही, त्यामुळे आईबाबांची भांडणं मला कायम अर्धीच ऐकू येतात.

तर बाबांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता नावाजलेली वकील आहे. साक्षीदारांचं बोलणं ती रेकॉर्ड करून ठेवते आणि ते ऐकून बिनचूक टाइप करणारं माणूस तिला हवं होतं. "सर, हल्ली कोणाला सरळ एक पान टाइप करता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सोमवारपासून कराल का?" बाबा फोन कानाला लावून बराच वेळ टेबल बडवत राहिले. शेवटी आईने फोन काढून घेतला आणि सांगून टाकलं, "हो म्हणताहेत."

"खरंच हो म्हणत होते?" मी नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं.

"'बघतो' म्हणत होते," आई म्हणाली. "पण हे काम हातचं गेलं ना, तर ते त्या खुर्चीतून आता कधीच उठायचे नाहीत." तिचा आवाज जरा कापला. माझी आई सहसा आवाज कापणाऱ्यातली नाही, म्हणून मी फार घाबरले.

टाइप केलेलं वकीलबाईंना मेलवर हवं होतं, म्हणजे लॅपटॉप आलाच. परवडणाऱ्यांतले दोन उरले. एक चंदेरी, पातळ, हलका. दुसरा काळा, जाडजूड. किंमत जवळपास सारखीच. एकावर एक काही फुकट मिळतंय म्हणावं तर तेही नाही, दोन्हींवर तीच बॅग.

माझा नवरा कवळ्या बनवतो. त्याने दोन्हींचे फोटो मोठे करून बघितले आणि निकाल दिला, "चंदेरीच. काय एकसारख्या किल्ल्या बसवल्यात बघ. काळ्याच्या किल्ल्यांत फटी आहेत. अन्न अडकणार."

"बाबा त्याने टाइप करणार आहेत, चावणार नाहीत," मी म्हटलं.

मी स्वतः पार्सल कचेरीत कामाला आहे. माणसं वस्तू कशा आपटतात हे मी रोज बघते. पडून फुटत नाही ती वस्तू चांगली, एवढंच माझं शास्त्र. त्यामुळे मी काळ्याच्या बाजूने होते. आमचं यावरून इतकं वाजलं की दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त बॅटरीबद्दल बोललो. या सगळ्यात बाबांना विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "ज्याला बूट घालायचेत त्याचा पाय दुकानात न्यावा लागतो," आणि बाबांना खुर्चीतून उठवून, इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आणलं.

दुकानात टाय लावलेले एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही लॅपटॉप काचेच्या काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवले आणि आतल्या भागांची नावं घ्यायला सुरुवात केली. आई स्थळाची माहिती ऐकावी तशी मान डोलावत होती.

"थोडक्यात, दोन्ही सारखेच उत्तम आहेत," टायवाले म्हणाले.

"सारखेच आहेत तर दोन कशाला बनवले?" मी म्हटलं. मला अशी गुळमुळीत माणसं आवडत नाहीत.

"आधी काळा," मी लगेच सांगितलं आणि बाबांसमोर सरकवला. टायवाल्यांनी स्टूल दिलं. बाबा ताठ बसले. आईने पर्समधून घडी केलेला रुमाल काढून कळांवर पसरला.

"काकू, हे काय?"

"बघून टाइप करायची सवय लागते," आई म्हणाली.

बाबांनी मनगटं उचलली आणि सुरू झाले. त्यांच्या बोटांना लोखंडी कळांची सवय. काउंटर थरथरला, पेनांचा डबा टिणटिणायला लागला, पलीकडे टीव्ही बघणारं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पडद्यावर एकही चूक नव्हती. माझा ऊर भरून आला. मग ओळ संपली. बाबांचा डावा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी पडद्याच्या कडेला सणसणीत धक्का दिला.

काळा जागचा हलला नाही. त्याच्या बुडाला जाड रबर होतं आणि वजनही होतं. बाबांचं मनगट मात्र मुरगळलं. त्यांनी हात झटकला, पुढची ओळ टाइप केली आणि शेवटी पुन्हा धक्का. काळा ढिम्म.

"काका, तसं नाही करायचं," टायवाले समजावणीच्या सुरात म्हणाले. "नवीन ओळीसाठी हे बटण. करंगळीने नुसतं टेकवायचं."

"करंगळीने?" बाबा त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "ओळ संपली, ती करंगळीने?"

"खरं तर तेवढंही नको. ओळ भरली की ते आपोआप खाली येतं. तुम्हाला कळतसुद्धा नाही."

हे सांगायला नको होतं. बाबांनी हात मांडीवर घेतले. मग एकाच हाताची बोटं काचेवर सावकाश आपटायला लागली. आई बघत होती, पण काही बोलेना.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"म्हणताहेत, वकीलबाईंना फोन करून नाही म्हणून सांगा. ज्याला आपली ओळ संपलेली कळत नाही, त्याने काय काम करायचं. घरी चला."

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रडू आलं की मी चिडते. मी टायवाल्यांना विचारलं की तुमच्याकडे माणसांना समजेल असं एखादं तरी यंत्र आहे का, आणि नसेल तर टाय कशाला लावता. ते बिचारे टाय चाचपायला लागले. राग खरं तर मला त्या काळ्या ठोकळ्याचा आला होता आणि तो मीच निवडला होता.

"तो दुसरा ठेवा समोर," आई म्हणाली.

"आई, तो फार हलका आहे," नवरा म्हणाला. घरी चंदेरीसाठी माझ्याशी अबोला धरणारा हाच माणूस. "बाबांचा हात बघितलात ना?"

आईने ऐकलंच नाही. चंदेरी पुढे ओढला, रुमाल त्याच्यावर अंथरला आणि बाबांचे हात मांडीवरून उचलून त्यावर ठेवले. बाबांनी नाइलाजाने एक ओळ टाइप केली. ओळ संपली, हात वर गेला, धक्का बसला.

चंदेरी निघाला. काचेवरून असा काही सुळकन गेला की बघत राहावं. माउसचा ढीग ओलांडला, टायवाल्यांच्या चहाला वळसा घातला आणि काउंटरची कड सोडली. नवरा खाली झेपावला आणि त्याने तो पोटाशी धरला. दिवसभर दुसऱ्यांचे दात सांभाळणाऱ्या माणसाचे हात शेवटी उपयोगी पडले.

टायवाले पांढरे पडले होते. मी बाबांकडे बघायचं टाळत होते, कारण आता ते ओशाळून उठतील आणि सगळं संपेल असं मला वाटलं. बाबांचा हात अजून हवेतच होता.

"सरकतो," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"हा सरकतो." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला ते मी शाळेत असतानाचे बाबा वाटले. "मशीन म्हटलं की सरकायलाच हवं. ओळ संपली की घरादाराला कळायला हवी. आणा हो इकडे, जावईबापू."

जावईबापूंनी आणला. पुढची ओळ, पुढचा धक्का. या वेळी नवरा काउंटरच्या टोकाला गोलकीपरसारखा वाकून तयार होता. टीव्हीवालं गिऱ्हाईक टीव्ही सोडून इकडे आलं.

"मॅडम, हा डेमोचा पीस आहे," टायवाले कळवळून म्हणाले.

"मग डेमोच चाललाय," आई म्हणाली. "हाच बांधून द्या. फक्त बुडाला रबर नसलेला बघा."

परतताना नवरा उगाच विजयी चेहरा करून चालत होता. "बघ, मी म्हणालो होतो चंदेरी," तो म्हणाला. मी त्याच्याशी पुन्हा बोलणं बंद केलं.

सोमवारी बाबा दाढी करून जेवणाच्या टेबलाशी बसले. कळांवर फडकं, कानात साक्षीदाराचं बोलणं. उजव्या हाताला आई मटार सोलत बसली, कारण लॅपटॉप तिकडेच यायचा होता. पहिली ओळ भरत आली आणि बाबा अडले. हात अर्धा वर, चेहरा कावराबावरा. ते कशाची तरी वाट बघत होते आणि ती गोष्ट येत नव्हती.

"टिंग," आई म्हणाली.

त्यांच्या कानात इअरफोनचे बोळे. त्यांना ऐकू गेलं नाही. आईने मटाराचा हात पदराला पुसला आणि त्यांच्या खांद्यावर बोटांनी टाइप केलं. बाबांनी लगेच धक्का दिला. चंदेरी सरकत आईकडे आला, तिने ताटाच्या अलीकडे अडवला आणि परत लावून दिला. पुढच्या ओळीला तेच. खांद्यावर टिंग, धक्का, परत. पडद्यावर ओळ आपली आपण केव्हाच खाली आलेली असायची, पण ते त्या दोघांना सांगणार कोण. मटार थोडे सांडले, एकदा एक शेंग थेट कळांवर गेली आणि साक्षीदाराच्या जबानीत तीन अनोळखी अक्षरं आली. बाबांनी ती खोडली.

संध्याकाळी वकीलबाईंचा निरोप आला की एकही चूक नाही आणि पुढची रेकॉर्डिंगं पाठवली आहेत. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याशी आपण होऊन बोलले. तो तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, कारण ती सकाळपासून रिकामीच होती.

बाबांनी कानातले बोळे काढले, खुर्चीकडे पाहिलं आणि टेबलावर बोटं वाजवली.

"म्हणताहेत, त्या खुर्चीची वाटेत अडचण होते," आई म्हणाली. "भंगारवाल्याला देऊन टाका."

मला आईचं भाषांतर माहीत होतं. "खरंच म्हणाले का असं?" मी विचारलं.

आईने तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "म्हणालो."