शिवणाच्या खोलीमागचा मांडव

मित्रांनो, मी एक जुना मांडव आहे. लग्नातला नव्हे. लग्नातला मांडव चार दिवसांचा पाहुणा. त्याचे बांबू सुटले की तो दुसऱ्या गल्लीत जातो. मी मात्र एका घराच्या मागच्या अंगणात गेली सोळा वर्षे एकाच जागी उभा आहे. चार लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि तुळयांवर उभ्या धारेने बसवलेल्या छत्तीस पट्ट्या, एवढाच माझा देह. शिकलेले लोक मला पर्गोला म्हणतात. मला बांधणारा सुतार परगुला म्हणतो. मला दोन्ही नावे चालतात.

माझ्या डोक्यावर छप्पर नाही. वारा माझ्यातून जातो आणि पाऊस तर सरळ आत येतो. मग असला मांडव बांधायचा कशाला, असे तुम्हांला वाटेल. मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. उत्तर मला हळूहळू मिळाले, माझ्याखाली बसून लोक जे बोलत त्यातून.

आमच्याकडची हवा उष्ण आणि दमट आहे. बरणीतले मीठ पाणी सोडते, धुतलेली चादर दोन दिवस ओलसर राहते आणि अंगावरचा घाम जागचा हलत नाही. या घराची मागची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. तिच्या आत शिवणाची खोली. घरातली सून तिथे शाळेचे गणवेश शिवत असे. दुपारी दोन वाजले की ऊन भिंतीवर चढे आणि साडेपाचपर्यंत उतरत नसे. भिंतीला हात लावला तर चटका बसे. खिडकीत ठेवलेली मेणबत्ती चार वाजेपर्यंत कमरेत वाके.

एके दिवशी सून मशीनवरच डोके टेकून कोसळली. सुई बोटातून आरपार गेली होती तरी तिला शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, "उष्म्याने झालंय. दुपारी शिवायचं बंद करा."

"मग शिवू कधी?" सून म्हणाली. "सकाळी घरचं असतं, संध्याकाळी गिऱ्हाईक दारात."

तिचा नवरा बस चालवायचा. दिवसभर इंजिनाशेजारी बसणाऱ्या माणसाला उष्मा काय ते सांगावे लागत नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी खिडकीला गोणपाट बांधले. ऊन थांबले, पण वाराही थांबला. खोली इडलीच्या भांड्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी सुनेने गोणपाट सोडून पायपुसणे केले.

हे सारे घरातले आजोबा, म्हणजे तिचे सासरे, बघत होते. आजोबांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. लोक घड्याळे दुरुस्त करीनासे झाले आणि दुकान बंद पडले. त्याच महिन्यात सुनेने शिवणाचे मशीन घरात आणले. आजोबा तेव्हा म्हणाले होते, "माझं दुकान मोडलं, आता घराचं दुकान करा." बोलून गेले. शब्द परत घेणे त्यांना जमले नाही आणि सुनेला विसरणे जमले नाही. तेव्हापासून दोघांचे बोलणे नातीच्या मार्फत चाले. तिचे घरातले नाव भिंगरी. "भिंगरी, आईला म्हणावं चहा नको." "भिंगरी, आजोबांना म्हणावं चहा केलाय." तिघेही एकाच खोलीत असत.

गोणपाट सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबांनी मागच्या अंगणात एक काठी रोवली. दर अर्ध्या तासाने ते बाहेर येत आणि काठीची सावली जिथे पोचली असेल तिथे खडूने रेघ मारत. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याच्या डोक्याची स्प्रिंग सुटली. आजोबांनी ऐकले न ऐकलेसे केले. आठ दिवस झाल्यावर त्यांनी सुताराला बोलावले.

सुताराला सगळे मामा म्हणत. कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी आणि तोंडात दोन खिळे. त्याने अंगण बघितले आणि म्हणाला, "भिंतीपासून सरळ बाहेर पट्ट्या काढू. दिसायला झकास दिसतं."

"दिसायला नकोय," आजोबा म्हणाले. "ऊन पश्चिमेकडून येतं. पट्ट्या पण पश्चिमेकडे काढल्या तर ते दोन पट्ट्यांच्या मधून गल्लीतून चालल्यासारखं आत येईल. आडव्या घाल, भिंतीला समांतर. आणि धारेवर उभ्या बसव. मग सूर्य जसा खाली जाईल तशी एकेका पट्टीची सावली पुढच्या फटीवर पडेल."

मामाने तोंडातले खिळे काढले. जमिनीवर दोन फळ्या धरून बघितल्या. एकदा उभ्या, एकदा आडव्या. बराच वेळ तो त्या सावल्यांकडे बघत बसला.

"घड्याळवाले," तो शेवटी म्हणाला, "तीस वर्षं सुतारकी करतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

असा मी जन्मलो. पट्ट्या कापल्या गेल्या, रंधा फिरला, भुसा उडाला. माझे चारही खांब मामाने जमिनीत खड्डे करून सिमेंटमध्ये पक्के गाडले. पहिल्या दुपारी सगळे घर बाहेर आले. दोन वाजता माझी सावली शिडीसारखी होती, एक पट्टा उन्हाचा, एक काळा. तीन वाजता उन्हाचे पट्टे बारीक झाले. चार वाजता माझ्याखाली सावलीच सावली होती आणि फटींमधून वारा मात्र खेळत होता. मी स्वतःच चकित झालो. मी जागचा हललो नव्हतो आणि माझे काम मात्र आपोआप होत होते.

भिंगरी धावत आत गेली आणि खिडकीतली मेणबत्ती घेऊन आली. मेणबत्ती ताठ होती.

सुनेने मशीन उचलायला नवऱ्याला हात दिला आणि ते बाहेर आणून माझ्याखाली मांडले. मग ती वळून म्हणाली, "बाबा, खुर्ची आणू का तुम्हाला?"

आजोबांनी सवयीने भिंगरीकडे बघितले. भिंगरी मेणबत्तीशी खेळत होती. मग त्यांना स्वतःच उत्तर द्यावे लागले.

"आण," ते म्हणाले.

ती माझी सुखाची वर्षे. एक उणीव तेवढी राहिली होती. साडेचारनंतर सूर्य इतका खाली येई की तो वरून न येता माझ्या पश्चिमेच्या उघड्या बाजूनेच आत शिरे. त्यासाठी सुनेने पश्चिमेच्या खांबांशी मधुमालतीचा वेल लावला. वेल दोन वर्षांत माझ्या डोक्यावर चढला. त्याची फुले संध्याकाळी पांढरी उमलत, दुसऱ्या दिवशी गुलाबी होत आणि मग लाल. कोणते फूल किती दिवसांचे, हे मी रंगावरून ओळखू लागलो. रस्त्याने जाणारे लोक कुंपणापाशी थांबून फोटो काढत. मामा गिऱ्हाइकांना मला दाखवायला आणे. मला कौतुकाची सवय लागली.

मित्रांनो, कौतुक होत असले की कोणी खाली बघत नाही. लोक माझी फुले बघत होते. वेल दाट होत गेला, इतका की पट्ट्या दिसेनाशा झाल्या. वारा वेलात अडकू लागला. भिंतीवर शेवाळ आले आणि डासांनी ठाण मांडले. सुनेने दोन पावसाळे कसेबसे काढले, मग मशीन पुन्हा आत गेले. माझ्याखाली फुटकी बादली, चाक नसलेली सायकल आणि रिकामे डबे जमा झाले. भिंगरी पुढच्या शिक्षणाला परगावी गेली. आजोबांच्या डोळ्यांवर पडदा येत गेला, त्यांनाही बाहेर यायला नको वाटे.

याच काळात माझ्या पायांत काहीतरी होऊ लागले. सिमेंट आणि लाकूड यांच्यामधल्या बारीक फटीत पावसाचे पाणी साचून राही. मला आधी नुसता गारवा वाटला. मग आतून कुरतडल्यासारखे वाटू लागले. कोण आहे, काय चालले आहे, याची मला फार उत्सुकता होती. भीती नंतर वाटली. ती वाळवी होती. बाहेरून माझा रंग शाबूत होता आणि आतून मी पोकळ होत होतो.

एका दुपारी जोराचा वारा सुटला. माझा कोपऱ्यातला खांब बुडाशी मोडला आणि मी त्या बाजूला कललो. वेलाने धरून ठेवले म्हणून पडलो नाही.

आजोबांच्या बस चालवणाऱ्या मुलाने बघितले आणि म्हणाला, "काढून टाकू आता. पत्रा घालतो, कायमचं काम होईल."

"पत्रा तापला की खाली भट्टी होईल," सून म्हणाली.

"मग काय हे लाकूड कुणाच्या डोक्यात पडायची वाट बघायची?"

त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. मामाला बोलावणे गेले. तोवर आजोबा भिंत चाचपत बाहेर आले. त्यांच्या हातात दुकानातला जुना स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी प्रत्येक खांबाला कान लावला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. घड्याळाची टिकटिक ऐकायचे तसे ते मला ऐकत होते. मी श्वास रोखून उभा होतो.

"वर भरीव आहे," ते म्हणाले. "चारही खांब वर भरीव आहेत. पट्ट्यांना काही झालेलं नाही. फक्त बुडाची वीतभर गेली आहे." मग खांबाचे बूड चाचपत म्हणाले, "ऊन कुठून येतं ते मी आठ दिवस मोजलं. पाणी कुठे जातं ते एकदाही बघितलं नाही."

मामा तेवढ्यात पोचला होता. त्याचेही केस आता पांढरे झाले होते. "पाय सिमेंटमध्ये मी गाडले," तो म्हणाला. "चूक माझी आहे, घड्याळवाले."

"कुणाची ते चहाच्या वेळी ठरवा," सून म्हणाली. "आधी टेकू लावा."

मुलाने दोन मजबूत लाकडी बल्ल्या आणून माझ्या तुळयांना टेकू दिला. मामाने चारही खांबांची कुजकी बुडे कापली. सिमेंट फोडून तिथे दगडी ओटे केले आणि त्यांवर लोखंडी बैठका बसवून माझे पाय त्यांत ठेवले. आता माझे लाकूड जमिनीला टेकत नाही. पाणी येते, खालून निघून जाते आणि मग वारा तिथे फिरतो. कापलेली धार उघडी राहिली तर ती पाणी पिते, म्हणून मामाने तिला तीनदा तेल पाजले.

उरला वेल. सगळ्यांना वाटले, सून त्याला हात लावू देणार नाही. तिने शेजारून कोयता मागून आणला आणि स्वतःच शिडीवर चढली. फुलांनी लगडलेल्या फांद्या खाली पडत होत्या आणि ती छाटत होती. मध्येच तिने पदराने डोळे पुसले, पण हात थांबवला नाही.

"अगं, पुरे," आजोबा खालून म्हणाले. त्यांना दिसत नव्हते, पण पडणाऱ्या फांद्यांचा आवाज येत होता.

"बाबा, कापड असो नाहीतर वेल," ती वरून म्हणाली, "अंगाला लागतं तेवढंच ठेवायचं. जास्तीचं घोळत राहतं आणि फाटतं."

आजोबा हसले. मी त्यांना असे मोकळे हसताना फार दिवसांनी ऐकले.

मशीन पुन्हा बाहेर आले आहे. मागच्या आठवड्यात तीन घरे सोडून राहणारी धोबीण आली. तिची इस्त्रीची खोलीही पश्चिमेला आहे. म्हणाली, "ताई, मलाही असा मांडव हवाय. उद्याच मामाला सांगू का?"

सुनेने गळ्यातली टेप नीट केली आणि चपला घातल्या. "उद्या नको. चल, आधी तुझं अंगण बघते. पाऊस पडला की पाणी कुठे थांबतं?"

दोघी बघायला गेल्या. मी इथून नुसत्या त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या पाहिल्या. तिथला मांडव कसा होईल, त्याला ऊन कोणत्या कोनातून लागेल, तो माझ्यापेक्षा उंच असेल का, याचाच विचार मी तेव्हापासून करतो आहे. मला त्याला भेटता येणार नाही, एवढीच रुखरुख आहे.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्याही घरी कोणी ना कोणी मुकाट्याने उभे असेल: एखादी शिडी, दाराची चौकट, आजीची खाट. तुम्ही त्यांना रोज वरवर बघता. एकदा खाली वाका आणि त्यांच्या पायांशी काय चालले आहे ते बघा. आम्हांला दुखले तरी सांगता येत नाही. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत उभेच दिसतो.