कम्प्युटरला अंगारा

शिरड शहापूरच्या हळद बियाणे संस्थेत पाय ठेवायला जागा नव्हती. आज चक्क कम्प्युटरला अंगारा लागणार होता.

त्यात सत्तर हजार नोंदी. कुणी कोणतं बेणं नेलं ते शोधायला लावलं, की पडद्यावरचं चाक गरगरत बसायचं आणि माणसं चहा पिऊन यायची. प्रेमानंद महाराजांनी दोष हुडकला होता: बाळंतपणानंतर कामावर परतलेली, कम्प्युटरवर बसणारी कोमल. "लेकुरवाळीची सावली पडून राहिली यंत्रावर. अंगाऱ्यानं गुण आला, की बाईला हलवा."

म्हणजे यंत्र पळालं, की कोमलची खुर्ची गेली.

संस्थेच्या रिवाजाप्रमाणे पहिला मान अध्यक्ष तातेरावांचा. कोमलनं त्यांचं नाव टाकलं. चाक फिरलं, फिरलं, कशीबशी नोंद आली. महाराजांनी डबड्याला अंगारा फासला, "ॐ ह्रीं क्लीं क्लिक स्वाहा" म्हणाले आणि पुन्हा मानाचं नाव टाकायला लावलं. डोळा लवतो न लवतो तोच नोंद हजर.

टाळ्यांनी पत्रे वाजले. कोमलनं पिशवी आवरायला घेतली. पण लगेच तिला हसू फुटलं.

"आता खतीजाबीचं टाकते."

"मानाचं झालं, बस," महाराज म्हणाले.

"काहून बस?" रांगेतली खतीजाबी पुढं सरसावली. "आमाला मान न्हाई व्हय? टाक गं पोरी."

चाक गरगर गरगर. खतीजाबीनं पान काढलं, चुना लावला, चघळलं. "अंगाऱ्याला दम लागला वाटतं."

"बाईची श्रद्धा कमी," महाराज म्हणाले.

नोंद आल्यावर कोमलनं तेच नाव पुन्हा टाकलं. झटक्यात आलं.

"घ्या, एवढ्यात श्रद्धा वाढली माझी," खतीजाबी म्हणाली. खिडकीत चढून बघणाऱ्या बाया हसून हसून खाली उतरल्या.

"एकदा शोधलेलं हे यंत्र हाताशी ठेवतं," कोमल म्हणाली. "तेच पुन्हा मागितलं की लगेच देतं. अंगारा असो, नसो."

"मग खरा इलाज काय?" तातेराव ओशाळून म्हणाले.

"नोंदी आल्या तशा पडल्यात. एका नावासाठी बिचारं सत्तर हजार चाळतं. नावांची अक्षरवार सूची बांधली, इंडेक्स म्हणतात तिला, की सरळ जागेवर जाईल. दोनदा परवानगी मागितली मी."

"दिली. बांध."

चहा येईस्तोवर सूची बांधून झाली. मग सासऱ्यांची, साडवांची, ज्याच्या त्याच्या तोंडी येतील ती नावं, सगळी चुटकीसरशी. महाराज मागच्या दारानं कधी गेले, कुणाला कळलं नाही. कोमल खुर्चीत नीट रेलून बसली.

चमत्कारवाला स्वतः निवडलेलं नाव दाखवील. तुम्ही मात्र आपलं नाव सांगा, आणि घड्याळ बघा.