आभाळातला फोटो आणि रंगुबाईच्या अकरा शेळ्या

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. लग्नातला किंवा जत्रेतला नव्हे. जमिनीपासून नऊशे किलोमीटर उंच फिरणाऱ्या उपग्रहाने १९७३ च्या जानेवारीत मला टिपले. जवळजवळ सगळा नगर जिल्हा माझ्यात मावतो. दुष्काळाने झाडाझुडपांचे किती नुकसान केले ते कळावे, म्हणून माझा जन्म झाला. एवढे शहाणपण आभाळात फिरत होते. ते जमिनीवर उतरल्यावर त्याची काय माती झाली, ते ऐका.

माझी एक रीत आहे. जिवंत हिरवी पाने माझ्यात लाल दिसतात आणि उघडी जमीन हिरवट निळी. पानांवरून परतणारा जो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, तो मी लाल रंगात दाखवतो. हे सगळे समजावणारे चार पानी इंग्रजी पत्र माझ्याबरोबरच आले होते. पण मी ज्या कचेरीत पोहोचलो, तिथला शिरस्ता असा की, पत्राची आवक वहीत नोंद करायची आणि ते गठ्ठ्यात बांधायचे. सोबतचे चित्र, नकाशा असले काही असेल ते तेवढे साहेबांच्या टेबलावर. नियाजभाई नावाच्या कारकुनाने शिरस्ता पाळला. पत्र गठ्ठ्यात गेले आणि मी आबासाहेबांच्या हातात पडलो.

हे आबासाहेब जंगलाचे साहेब. डोंगर चढले की त्यांना धाप लागे, म्हणून ते चढतच नसत. त्यांनी मला आधी उलटे धरले, मग आडवे धरले, आणि मान डोलावली. प्रवरेकाठचा देवळालीचा पट्टा लाल दिसला. ते म्हणाले, "बघा नियाजभाई, देवळाली पार करपून गेली!" पारनेरकडची टेकडी हिरवट दिसली. "आणि इथे बघा, कसं दाट जंगल आहे!"

मला हसावे की रडावे ते कळेना. देवळालीला कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलत होता. पारनेरच्या टेकडीवरचे हिवर आणि खैर पाण्यावाचून उभ्या उभ्या वाळून गेले होते. माझ्याइतके खरे बोलणारे त्या कचेरीत दुसरे कोणी नव्हते, आणि माझेच बोलणे उलटे ऐकले जात होते. साहेबांनी तसाच अहवाल लिहून वर पाठवला. झाडांची रोपे भरलेले दोन ट्रक उसाच्या मुलखात गेले. तिथल्या शेतकऱ्यांनी ती बांधावर टाकून दिली.

एवढ्यावर थांबते तर ते साहेब कसले! एप्रिलात एक शिपाई टेकडीवर जाऊन आला आणि म्हणाला, "सायेब, वर झाड न्हाई." साहेबांनी मला पुढे ओढले. जानेवारीच्या फोटोत जंगल आहे आणि एप्रिलात नाही, म्हणजे मधल्या काळात ते कोणीतरी खाल्ले. कोणी? टेकडीखालच्या वाडीतल्या रंगुबाईच्या अकरा शेळ्यांनी. शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. रविवारच्या बाजारी त्यांचा लिलाव ठरला. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण या गृहस्थाने नऊशे किलोमीटरवरून हाकल्या.

रंगुबाई विधवा होती. पीक बुडाले होते, विहीर आटली होती. त्या शेळ्यांच्या दुधावर तिची दोन नातवंडे जगत होती. शनिवारी ती पंधरा मैल चालत कचेरीत आली.

"सायेब, झाडं दुस्काळानं मेली. माज्या शेळ्यांनी न्हाई खाल्ली."

"अगं बाई, वरून यंत्राने जानेवारीत काढलेला फोटो आहे हा. यंत्र खोटं बोलेल?" असे म्हणून साहेबांनी तिच्यापुढे मला पसरले. अडाणी बाईला दिपवावे, हा त्यांचा बेत. "ही बघ प्रवरा. ही देवळाली. आणि हा तुझा डोंगर, हिरवागार."

रंगुबाई खाली वाकली. बोट न लावता तिने मला बराच वेळ पाहिले. माझ्या आयुष्यात मला नीट पाहणारे ते पहिले माणूस.

"ही देवळाली म्हंता? तितं आमी दरसाल ऊस तोडाया जातो. नदीला लागून समदा ऊसच हाय. ह्यात नेमकं तितंच लाल हाय." तिने हनुवटीनेच डोंगर दाखवला. "मंग सायेब, ह्यात हिरवं आसंल त्ये लाल दिसतंय. आन् आमचा डोंगर लाल न्हाई, म्हंजी तवाबी त्यो बोडकाच हुता."

नियाजभाई उठले, गठ्ठा सोडला, पत्र काढले आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, बाई म्हणते तेच इथं लिहिलंय."

साहेबांनी ते वाचले. कानापर्यंत लाल झाले, आणि ते मात्र हिरवळीचे लक्षण नव्हते. मग घसा खाकरून म्हणाले, "शेळ्या सोडा. माणुसकी म्हणून सोडतोय." नियाजभाईंनी विचारले, "आणि अहवाल?" साहेब म्हणाले, "अहवाल गेलाय. गेलेला अहवाल परत बोलवत नसतात."

कोंडवाड्यात सहा दिवस चारा नव्हता. अकरांपैकी आठ शेळ्या बाहेर आल्या. एक गाभण होती, तिला रंगुबाईने खांद्यावर घेतले. ती वाटेतच मेली.

मित्रांनो, पुढे मला चौकट करून साहेबांच्या खुर्चीमागे टांगले. आल्यागेल्याला ते सांगत, "उपग्रहाचा आहे, समजायला अभ्यास लागतो." माझ्यावरची धूळ पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. मला काचेत जपणाऱ्यांची मला किळस येते. तुमच्यापैकी कोणी उद्या साहेब झाले आणि माझ्यासारखा फोटो हाती आला, तर एवढे करा. सोबतचे पत्र वाचा, आणि मग तो घेऊन डोंगर चढा. धाप लागली तरी चढा.

त्या टेकडीवर पुन्हा कोणी एक रोप लावले नाही. कशाला लावतील? कागदोपत्री तिथे दाट जंगल आहे. फक्त रंगुबाईच्या सात शेळ्यांना ते अजून सापडलेले नाही.