दत्ता सुताराची फळी

"अगं मंजूषा, देव नाहीये तो! सुतार आहे, सुतार!"

"सकाळपर्यंत देव होता ना? बूट काढून आलास की तू!"

"तेव्हा खालचं दिसत नव्हतं. तूच घासलंस. कुणी सांगितलं होतं एवढं घासायला?"

मित्रांनो, हे नवरा-बायको माझ्या डेकवर उभे राहून भांडतायत. मी एक म्हातारं लढाऊ जहाज. माझ्यासारख्यांना स्लूप म्हणतात. म्हणजे मोठं नाही, दिखाऊ नाही, पण जिथे कुणालाच जायचं नसतं तिथे पाठवायला बरं.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या आरमारासाठी मला मुंबईच्या गोदीत बांधलं, मलबारच्या सागवानातून. तिथे दत्ता नावाचा सुतार होता, एकदम तापट. त्याने केलेल्या कठड्याची शाबासकी साहेबाने चुकून दुसऱ्यालाच दिली. दत्ता भडकला. जेवणाच्या सुट्टीत पटाशी घेऊन आला आणि फळीवर दोन ओळींत कोरलं: वर दत्ता, खाली सुतार. बस, एवढंच. तो स्वतः कधी समुद्रावर आला नाही.

मी मात्र भटकलो. झांझिबारच्या किनाऱ्यावर गुलाम नेणारी गलबतं पकडली. सोडवलेली माणसं माझ्या डेकवर झोपायची. एक बाई आठवडाभर त्या अक्षरांच्या खाचेत बोटं घालून बसली होती. वाचता थोडंच येत होतं तिला? धरायला काहीतरी हवं होतं. तेव्हा माझं खूप कौतुक झालं. पुढे चीनच्या एका नदीत शिरून मी एका गावावर तोफा डागल्या. त्याचंही तस्संच कौतुक झालं. ते मला अजून कळलेलं नाही.

मग लोखंडी जहाजं आली आणि मला विकलं. डच मालकाने माझ्या डोलकाठ्या कापल्या, पोटात कोळसा भरला. नंतर आम्सटरडॅमजवळच्या या कालव्यात बांधून ठेवलं ते ठेवलंच. कुणीतरी अधूनमधून हिरवा रंग फासायचं. अक्षरांवरूनसुद्धा!

यंदा, २००५ साली, नगरपालिकेने माझ्यावर कागद चिकटवला. सप्टेंबर संपेपर्यंत कुणी जबाबदारी घेतली तर ठीक, नाहीतर तोडणार.

तेवढ्यात बुइटनव्हेल्डर्ट या जवळच्या वस्तीतून सायकलवर ही मंजूषा आली. रंगाचे पोपडे निघाले होते, त्यातून 'दत्ता' दिसत होतं. तिने सायकल टाकली आणि हातच जोडले. पुढच्या गुरुवारी अख्खं महाराष्ट्र मंडळ हजर! युट्रेख्टहून, लायडनहून माणसं आली. पेढे, उदबत्त्या, आरती. शंभर वर्षांत मला कुणी एवढं जपून हात लावला नव्हता. मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र, मंजूषाचा नवरा, म्हणाला, "जबाबदारी मंडळ घेणार. सगळ्यांच्या सह्या घेऊन नगरपालिकेला पत्र मी देतो."

मला खरं माहीत होतं. पण गप्प बसलो. जगायचं कुणाला नसतं?

आज शेवटचा दिवस. पत्र पोचलं नाही, तर आजच मला तोडायला ओढून नेणार. पत्र द्यायच्या आधी फळी स्वच्छ हवी म्हणून मंजूषा सकाळी ब्रश घेऊन बसली. भक्तीने घासत गेली आणि खालचा 'सुतार' वर आला.

"लोकांना काय सांगू मी?" शैलेंद्र म्हणतोय. "एका सुतारासाठी सह्या करा?"

"हो. तेच सांग. आपलाच माणूस आहे ना तो?"

"कुणी करणार नाही गं."

त्याने पत्र फाइलमध्ये परत घातलं. वाईट नाहीये तो. उतरताना कठडासुद्धा हळूच धरला त्याने. पण उतरला.

मंजूषा उतरली नाही. पर्समधून कुंकवाची डबी काढली. आजवर ती 'दत्ता'ला कुंकू लावायची. आज तिने 'सुतार'ला लावलं, एकेका अक्षराला.

मित्रांनो, तुमच्याकडे जुनं काही असेल तर त्यात देव आहे का ते खुशाल बघा. पण ते कुणी घडवलं, तेही एकदा विचारा ना! त्याचं नाव रंगाखाली नका घालू. आणि दिसलंच, तर निदान…

भोंगा वाजला. ओढायला बोट आलीये. मंजूषाला खाली बोलावतायत, दोर सुटला. मला निघायला हवं आता.