चक्क्याने वाकलेली रिंग

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे माझं मन हलकं होईल. मी एक जुनी, गंजलेली बास्केटबॉलची रिंग आहे आणि तब्बल तीन वर्षं मी एका गुणी मुलीला फसवत होते. त्यात माझा दोष किती आणि श्रीखंडाचा किती, ते सगळं ऐकल्यावर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली नोकरी मात्र चांगली आठवते. ऑकलंडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर मी होते. दिवसभर मुलं माझ्याकडे मान वर करून बघायची आणि त्यामुळे मी थोडी शेफारलेही होते. मग शाळेने नव्या रिंगा आणल्या. २०११ साली एका रविवारी मी अवोन्डेलच्या बाजारात, तारोच्या कंदांच्या ढिगाशेजारी, एका मोडक्या खुर्चीत येऊन पडले. तिथे लोक माझ्याकडे मान खाली घालून बघत आणि पुढे जात.

तेवढ्यात सुशील आला. हा पुण्याचा. डिप्लोमा करायला न्यूझीलंडला आला, मग बायकोमुलीला बोलावून घेतलं आणि इथलाच झाला. माउंट वेलिंग्टनला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. त्या दिवशी तो भाजी घ्यायला आला होता. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने, उर्मिलावहिनींनी, मला बघून विचारलं, "कोथिंबीर आणायला सांगितली होती ना?"

"आणली की. दोन जुड्या."

"आणि हे?"

"हे ईशासाठी."

त्यांची लेक ईशा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने मला छातीशी धरलं. माझा गंज तिच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाला लागला आणि या घरातली माझी पहिली बोलणी मी त्या दिवशी खाल्ली.

शेजारच्या हेमीने मला गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर बसवलं. हेमी सुतारकाम करणारा बिल्डर. टेप लावून त्याने दहा फूट मोजले, माझ्यावर लेव्हलची पट्टी ठेवली आणि आतला बुडबुडा मधोमध आल्यावर म्हणाला, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम झकास'. मला पुन्हा नोकरी लागली.

पुढची तीन वर्षं सुखाची गेली. ईशा शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि मला भिडायची. शाळेच्या टीममध्ये गेली, मग ऑकलंडच्या ज्युनियर टीममध्ये. तिच्या प्रत्येक बक्षिसात माझा थोडा वाटा आहे असं मी धरून चालले होते. तसं कुणी म्हणत नव्हतं, पण म्हणून काय झालं?

२०१४ मध्ये सुशीलचे आईवडील पुण्याहून मोठ्या मुक्कामाला आले, ते राहिलेच. विश्वनाथआजोबांनी गॅरेजसमोर खुर्ची टाकली आणि नातीचे बॉल मोजायला सुरुवात केली. ठरलेल्या रेषेवर उभं राहून, कुणी आडवं न येता मारायचे ते फ्री थ्रो. रोज शंभर. त्यातले किती आत गेले तो आकडा आजोबा दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहायचे. ज्या चौकोनात आधी चतुर्थी छापलेली असे, तिथे जरा बारीक अक्षर काढायचे.

शांताआजींना मात्र खेळाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना प्रश्न पडला होता चक्क्याचा. विकतचं श्रीखंड त्यांनी एकदाच चाखलं आणि "साखर घातलेलं क्रीम" म्हणून बाजूला सारलं. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात दही झकास लागत होतं, पण ते टांगायचं कुठे? स्वयंपाकघरातला नळ वळायचा. बाथरूमच्या दांडीला उर्मिलावहिनींची हरकत. कपड्यांच्या दोरीवर हेमीच्या मांजराची झेप पोचायची. आजींनी अंगणात येऊन चारी बाजूंना पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. छपराचा पुढे आलेला भाग असल्यामुळे मला पाऊस लागत नाही, आणि दहा फुटांवर मांजरही येत नाही.

त्यांनी नायलॉनची दोरी घेतली, तिच्या टोकाला लाटणं बांधलं, आणि कमरेवर एक हात ठेवून ते लाटणं माझ्यातून आरपार टाकलं. पहिल्याच फटक्यात! मग दह्याचं फडकं विहिरीतल्या घागरीसारखं वर ओढलं आणि दोरीचं दुसरं टोक खांबाला करकचून बांधलं. त्या घरात आजींइतका नेम कुणाचाच नव्हता, आणि त्याचं कौतुकही कुणी केलं नाही.

पहिल्या दिवशी हेमीने कुंपणावरून माओरी नमस्कार घालत विचारलं, "किया ओरा, नॅन! ही काय पूजा आहे का?"

"श्रीखंड," आजी म्हणाल्या. रविवारी त्याला वाटीभर दिलं. सोमवारी तो वाटी परत द्यायला आला, तो ती रिकामी आहे हे मुद्दाम दाखवतच.

तिथून माझे हाल सुरू झाले. आधी महिन्यातून एकदा, मग पंधरवड्याला, मग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आठ-आठ किलोचं गाठोडं. एकीकडे चक्क्याचा भार, दुसरीकडे खांबाला ताणलेली दोरी, दोन्ही बाजूंनी मलाच ओढ. माझे मागचे बोल्ट हळूहळू सैल झाले आणि माझं नाक, म्हणजे पुढची कडा, दोन बोटं खाली आलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मित्रांनो, मला तोंड कुठे आहे?

नाक खाली आलेल्या रिंगमध्ये सपाट मारलेला बॉलही सहज जातो. दिनदर्शिकेतले आकडे चढू लागले. ऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याऐंशी. आजोबा फोनवर पुण्याला कळवू लागले. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्या कौतुकात न्हाऊन निघत होते.

२०१६ मध्ये ईशा युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकायला गेली आणि तिथल्या टीममध्ये आली. धावणं छान, बचाव छान, आणि फ्री थ्रो? शंभरात साठ. सगळे बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत. घरी पंच्याऐंशी आणि तिथे साठ! तिला वाटलं, आपण घाबरतो. उर्मिलावहिनींनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आजोबांनी प्राणायाम शिकवला. मी वरून सगळं बघत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, 'अरे, कुणीतरी शिडी आणा!'

दुसऱ्या वर्षाला असताना, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका गावाच्या क्लबचं पत्र आलं. दुय्यम दर्जाची लीग, पण कराराने खेळायचं. तिघी खेळाडूंत मिळून एक घर, क्लबचं थोडं काम आणि गावातल्या खाटकाकडून दर आठवड्याला मांसाचा एक खोका. जायचं म्हणजे पदवी अर्धवट सोडून. उत्तर रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं होतं.

"मांसाचा खोका?" आजींनी विचारलं. "आपण वरणभात खातो हे कळवलंस का त्यांना?"

"आजी, प्लीज! ही माझी लाइफ आहे!"

"एक वर्ष तर उरलंय," सुशील म्हणाला. "डिग्री पुरी कर आणि मग जा. खेळ कुठे पळतोय?"

"बाबा, खेळच पळतो! मी वीस वर्षांची आहे. नेक्स्ट इयर त्यांना दुसरी मुलगी मिळेल. स्टॅटिस्टिक्स काय, तिशीत पण करता येतं."

दोघांचंही खरं होतं. रविवारी ईशाने जाहीर केलं, "मी सगळ्यांसमोर शंभर मारणार. प्रेशरमध्ये ऐंशी गेले, तर मी रेडी आहे. साइन करणार. कमी गेले, तर विषय संपला." आणि बॉल घेऊन बाहेर आली तर माझ्यावर चक्का.

"आजी, हे काढ ना."

"अजून पाणी गळतंय."

"आजी, माझं करिअर!"

"पातळ श्रीखंड खायला लागलं की पहिली तूच कुरकुरशील."

दुपारी तीनपर्यंत करिअर चक्क्यासाठी थांबलं. मग गाठोडं खाली आलं, आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि ईशा उभी राहिली. मला तिचा एकही बॉल चुकवायचा नव्हता आणि एकही खोटा आत घ्यायचा नव्हता, पण माझ्या हातात काय होतं? बॉल येत गेले, मी गिळत गेले.

"चौऱ्याऐंशी!" आजोबांचा आवाज फुटला.

ईशाने किंकाळी मारली. उर्मिलावहिनी रडू लागल्या. ईशा फोन काढून पत्राला उत्तर लिहायला बसली आणि त्याच वेळी हेमी शिडी मागायला आला. त्याने शिडी उचलली, सहज वर पाहिलं आणि एक डोळा मिटला. मिटलेला डोळा उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला.

"ही रिंग सरळ नाहीये," तो म्हणाला. खिशातली छोटी लेव्हल घेऊन तो शिडीवर चढला. बुडबुडा एका टोकाला पळाला. "दोन इंच तरी खाली आहे. खूपच खाली! इथे काय लटकवता तुम्ही?"

सगळ्यांनी वळून आजींकडे पाहिलं. आजींच्या हातात ते गाठोडं होतं.

"म्हणजे माझ्या चक्क्याने?" त्या हळूच म्हणाल्या.

हेमीने नवे बोल्ट घातले आणि मला सरळ केलं. तीन वर्षांनी माझी मान ताठ झाली आणि मला रडू आलं. ईशाने पुन्हा शंभर मारले. बॉल माझ्या नाकावर आपटून परत जात राहिले. एकसष्ट.

ती डांबरावर बसली. आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली. "तीन वर्षांचा डेटा, आणि मापच चुकीचं! मी घाबरत नव्हतेच, बाबा. मी चुकीचं शिकत होते. आता सांगा, मी रेडी आहे की नाही?"

सुशील तिच्याशेजारी खाली बसला. त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाला, "ईशा, माझा डिप्लोमा पुरा झालेला नाही."

"काय?"

"एक पेपर राहिला. नोकरी लागली, म्हटलं पुढच्या सेमिस्टरला देऊ. चौदा वर्षं झाली. तुझ्यासारखाच मी रेडी होतो. मला कुणी थांबवलं नाही. मी रोज गाडीत बसलो की तो पेपर आठवतो."

आजोबा खुर्चीतून उठले. "मग तो गाऊनमधला फोटो? पुण्याच्या दिवाणखान्यात लावलाय मी! सगळ्या सोसायटीला दाखवलाय!"

"गाऊन जगदीशचा होता, बाबा. माझ्या मित्राचा."

"आणि टोपी?"

"टोपी पण."

आजोबा मटकन बसले. मग ईशाला हसू फुटलं, मग वहिनींना, आणि शेवटी आजोबाही हसले, पण त्यांचे डोळे भरलेले मला वरून दिसत होते.

पाचला दहा मिनिटं असताना ईशाने उत्तर पाठवलं. 'पदवी पूर्ण करून, नेम दुरुस्त करून पुन्हा विचारीन.' क्लबचं दोन ओळींचं उत्तर आलं आणि ती जागा दुसऱ्या मुलीला गेली. ईशा आठवडाभर माझ्याकडे फिरकली नाही. तो आठवडा मला फार जड गेला.

मग एके दिवशी ती आली. तिने हात उंच करून, बॉल उंच कमानीने मारायला पहिल्यापासून सुरुवात केली. बावन्न. पंचावन्न. आजोबा तेही लिहायचे, चतुर्थीच्या चौकोनातसुद्धा ठळक अक्षरात. सुशीलने कॉलेजात चौकशी केली तर कळलं, त्याचा जुना पेपर बंद झालाय, आता त्याऐवजी दोन द्यावे लागतील. तो माझ्याखाली बसून पाठ करायचा आणि ईशाचा चुकलेला बॉल त्याच्या डोक्यात पडायचा. हेमीने चक्क्यासाठी गॅरेजच्या बाजूला एक जाडजूड हुक ठोकून दिला. मांजर पोचणार नाही इतका उंच.

डिसेंबर २०१८. एकाच आठवड्यात बापलेकीचे पदवीदान समारंभ झाले. आजोबा हट्टाला पेटले, फोटो रिंगखालीच काढायचा. पण त्या दिवशी पाहुणे पन्नास आणि चक्क्याची गाठोडी दोन. एक हुकावर गेलं. दुसरं घेऊन आजी अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

ईशा गाऊन सावरत आली. "आण ती दोरी." तिने लाटणं टाकलं. चुकलं. पुन्हा टाकलं, चुकलं. चौथ्या खेपेला माझ्यातून गेलं.

"आणि म्हणे कराराने खेळणार," आजी म्हणाल्या.

फोटोत सुशील आणि ईशा दोघंही गाऊनमध्ये आहेत. सुशीलचा गाऊन भाड्याचा, पण पावती त्याच्याच नावाची. नेमक्या त्याच क्षणी चक्क्याचं पाणी त्याच्या टोपीवर टपकलं. तोच फोटो आजोबांनी पुण्याहून मागवलेल्या त्या जुन्या चौकटीत घातला. जगदीशच्या गाऊनमधला त्यांनी फाडला नाही, मागेच ठेवलाय.

ईशाने क्लबला पुन्हा विचारलं. त्यांनी एका मोसमासाठी, बघू म्हणून, बोलावलं. खोक्यात भाजी द्यायचं कबूल केलं. २०१९ च्या जानेवारीत निघायच्या सकाळी तिने शेवटचे शंभर मारले. एकोणऐंशी.

"ऐंशी लिहितो," आजोबा म्हणाले. "एकाने काय होतंय?"

"नाही आजोबा. एकोणऐंशीच लिहा."

त्यांनी लिहिलं. ती शिडीवर चढली, माझ्या नाकावर ओठ टेकवले आणि गंज लागलेल्या तोंडाने विमानतळावर गेली.

मित्रांनो, आता माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. महिन्यातून एकदा हेमी शिडी लावतो, लेव्हल ठेवतो आणि बुडबुडा मधोमध आला की "स्वीट ॲज" म्हणून श्रीखंडाची वाटी घ्यायला आत जातो. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. ज्याच्यावर नेम धरून तुम्ही रोज घाम गाळता, ते सरळ आहे का, एवढं अधूनमधून कुणाकडून तरी बघून घ्या. आमच्यासारख्यांना तोंड नसतं, आणि कौतुक होत असलं की तोंड असलेलेही गप्प बसतात. तिकडच्या रिंगा मला माहीत नाहीत. पण दर रविवारी फोनवर आजोबा पहिला प्रश्न तोच विचारतात, "किती गेले?" आणि पलीकडून ईशा जो आकडा सांगते, तो मी आता मान ताठ ठेवून ऐकते.