औषधाचं दूध

दोन हजार बारा सालचा हिवाळा. ऐन थंडीत मला एका गोठ्यात आणलं. मी वासरांची बादली. पत्र्याची आहे, पण अजून कुठे गळत नाही.

गोठा म्हाताऱ्याचा, राबणं सुनेचं. नव्या वासराला बादलीतून पिता येत नाही. सून दुधात हात बुडवायची, वासरू तिची बोटं चोखायचं आणि चोखता चोखता प्यायला शिकायचं. गारठ्यानं तिच्या बोटांना कायम भेगा. वासरानं ढुशी दिली की ती हसायची, "हळू रे, बोट आहे माझं, सड नव्हे!"

गाईची कास सुजली की जनावरांचा डॉक्टर सडात औषध सोडायचा. जाताना बजावायचा, "काका, औषध उतरेपर्यंतचं दूध कुणालाही पाजू नका. ओतून द्या."

त्याची गाडी वळली की म्हातारा म्हणायचा, "ओतायला काय नळाचं पाणी आहे? घाल वासरांना."

ते दूध माझ्यात यायचं. त्यातल्या थोड्याशा औषधानं कच्चे जंतू मरायचे, निबर तेवढे उरायचे. वासरांच्या पोटात आणि माझ्या तळाच्या सांध्यात त्यांनी ठाण मांडलं. गार पाण्यानं विसळलं की मी लख्ख दिसायचे.

एकदा सुनेचं बोट सुजलं. बघता बघता लाली तळहातभर पसरली. दवाखान्यात औषधांमागून औषधं दिली, एकही लागू पडेना. मनगटापासून हात काढला, तेव्हा कुठे जीव वाचला.

तोवर आमचा गोठा शेजारच्या काकूंनी सांभाळला. म्हाताऱ्यानं त्यांना शब्द दिला, "पुढची कालवड तुमची."

कालवड न्यायच्या सकाळी सून गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, डॉक्टर म्हणाले, हे जंतू गोठ्यातलेच. हिच्याही पोटात असतील. काकूंना सांगा तरी."

"माझी जनावरं धडधाकट आहेत. कुणाचे उपकार अंगावर ठेवून मी मरणार नाही. हो बाजूला."

तिच्या हाताकडे त्यानं पाहिलं नाही. एका हाती कालवडीचं दावं, दुसऱ्या हाती मी, असा तो काकूंच्या गोठ्यात गेला.

काकूंनी माझ्यात दूध ओतलं, बाही वर सारली. त्यांचीही बोटं फुटलेली. बाई, आधी मला उकळत्या पाण्यानं घासा. बोटं घालू नका. पण पत्र्याचं कोण ऐकतो?

"आता फिटलं ना, बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"फिटलं," काकू म्हणाल्या आणि हात दुधात बुडवला.